लिंगाणा: खाऱ्या वाऱ्याच्या वाटेवरचा सुळका

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाचा पूर्व दरवाजा ओलांडून शिवछत्रपतींच्या समाधीजवळ उभे राहिले आणि पूर्वेकडे पाहिले, की काळ नदीच्या खोऱ्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य भिंत उत्तर-दक्षिण पसरलेली दिसते. त्या भिंतीच्या अलीकडे, तिच्यापासून तुटून एकटाच उभा राहिलेला लिंगाण्याचा सुळका दिसतो. या सुळक्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची चढाई किती अवघड आहे, दोर कुठे लावावा लागतो, मराठेशाहीत तिथे कैदी कसे ठेवले जात, हे वाचकांना बऱ्यापैकी ठाऊक असते. त्याच्या भोवतीच्या हवेविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या मते लिंगाणा समजून घ्यायचा असेल तर कातळाइतकेच लक्ष त्या हवेकडे द्यायला हवे, कारण समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्याने आणि त्याने आणलेल्या पावसाने हा सुळका मोठ्या डोंगरातून सुटा केला आहे, आणि तेच काम अजूनही चालू आहे.

आधी जागा सांगतो. लिंगाणा रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात आहे. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. पूर्वेला त्याच्या अगदी समोर पुणे जिल्ह्यातले रायलिंगाचे पठार येते. मोहरी हे घाटमाथ्यावरचे गाव या पठाराच्या जवळ आहे. पठार आणि सुळका यांच्यामध्ये एक खोल खिंड आहे आणि मोहरीकडून तिथे उतरायला बोराट्याची नाळ नावाची दगडधोंड्यांनी भरलेली घळ आहे. खिंडीपासून माथ्यापर्यंतचा कातळ सुमारे हजार फुटांचा आहे. पश्चिमेला मात्र उतार थेट कोकणात जातो. तिथे पायथ्याशी पाने हे गाव आहे, त्याच्या वरच्या टप्प्यावर लिंगणमाची आहे आणि त्यापुढे रायगडापर्यंत काळ नदीचे खोरे पसरले आहे. अरबी समुद्राचा किनारा तिथून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरांवर येतो. या साऱ्या वर्णनातली माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच: समुद्र आणि लिंगाणा यांच्यामध्ये रायगडासारखे काही सुटे डोंगर सोडले तर ओल्या वाऱ्याला थोपवणारे फारसे काही नाही.

आता कातळाकडे येतो. लिंगाण्याचा दगड बेसॉल्टचा, म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. एका लोंढ्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा अशी भाकरींच्या चवडीसारखी रचना तयार झाली, आणि म्हणूनच रायगड, तोरणा, राजगड आणि लिंगाणा या सर्वांच्या कड्यांवर जवळजवळ आडव्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक थर मात्र सारखा नाही. काही थर घट्ट, काळे आणि एकसंध असतात. काहींमध्ये वायूंच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत पांढुरकी, हिरवट खनिजे भरली गेली. असा दगड लवकर झिजतो आणि हाताखाली कुरकुरतो. दोन लोंढ्यांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीसारखी पट्टीही आढळते. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंतच्या काळात वरचा पृष्ठभाग हवेने आणि पाण्याने कुजला, मग नव्या लाव्हाच्या उष्णतेने भाजला गेला, त्याची ही खूण. ही पट्टी सर्वांत मऊ असते.

या थरांना उभ्या भेगाही आहेत. लाव्हा थिजताना आकसतो आणि आकसताना तडकतो, शिवाय नंतरच्या काळात भूकवचाला बसलेल्या ताणांनीही तो तडकला. पावसाचे पाणी या उभ्या भेगांतून आत शिरते, खाली जाते आणि मऊ थरावर पोहोचले की तिथून आडवे बाहेर येते. बाहेर येताना ते मऊ थर थोडा थोडा पोखरते. खालचा आधार गेला की वरच्या घट्ट थराचा उभा तुकडा भेगेपाशी सुटतो आणि कोसळतो, आणि मागे पुन्हा सरळ उभा कडा उरतो. कडा झिजतो, पण झिजताना तिरका होत नाही, उभाच राहून मागे सरकतो. सह्याद्रीची पश्चिमेची भिंत अशीच पूर्वेकडे सरकत आली आहे, आणि सरकताना तिने काही सोंडा मागे सोडल्या. रायलिंगाच्या पठाराची अशीच एक सोंड कधीकाळी पश्चिमेला पसरलेली असावी असे तिथली रचना पाहून वाटते. तिच्या दोन्ही अंगांनी पाणी वाहत राहिले, एखाद्या कमकुवत भेगेपाशी खिंड पडली, ती खोल होत गेली आणि सोंडेचे टोक सुटे झाले. तेच टोक म्हणजे आजचा लिंगाणा.

इथे जगातल्या दुसऱ्या एका सुळक्याची आठवण येते आणि ती फरक दाखवण्यापुरती उपयोगी आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी पॅटागोनियात सेरो तोरे नावाचा ३,१२८ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा सुळका आहे. त्यालाही समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे झोडपतात. पण तिथे ती ओल कातळावर गोठते, माथ्यावर तुषारांच्या बर्फाचे अवाढव्य गोळे जमतात, आणि भेगेत गोठणारे पाणी फुगून दगड फोडते. लिंगाण्यावर पाणी कधी गोठत नाही. तिथे दगड मुख्यतः कुजून झिजतो: कोमट पावसाचे पाणी, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि कुजलेल्या गवतापाचोळ्यातून आलेली आम्ले बेसॉल्टमधल्या खनिजांवर काम करतात आणि त्यांची माती करतात. समुद्राचाच वारा, पण एकीकडे त्याची हत्यारे थंडीची, दुसरीकडे उबेची. सह्याद्रीच्या कड्यांखाली जी लालसर माती आणि घसारा दिसतो तो या उबदार, ओल्या झिजेचा परिणाम आहे.

मोसमी पावसाच्या दिवसांत हे सर्व प्रत्यक्ष घडते, म्हणून त्या काळातली हवा थोडी तपशिलात सांगतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणात पोहोचतात. मुंबईसाठी त्यांच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते आणि लिंगाण्याच्या भागात ते त्याआधी एक-दोन दिवस येतात असे समजायला हरकत नाही. हे वारे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून सोमालियाला वळसा घालत अरबी समुद्र ओलांडतात. समुद्रावरच्या लांबलचक प्रवासात ते वाफ गोळा करतात आणि लाटांच्या फेसातून उडालेले मिठाचे सूक्ष्म कणही सोबत आणतात. या कणांभोवतीच पुढे ढगांचे थेंब धरले जातात. वाऱ्याचा सर्वांत वेगवान पट्टा जमिनीलगत नसतो, तो साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर असतो, म्हणजे घाटमाथ्याच्या किंचित वर. पाऊस जोरात असलेल्या काळात तिथे वाऱ्याचा वेग तासाला ५० ते ७० किलोमीटरांपर्यंत असतो. रायलिंगाच्या काठावर जुलैत उभे राहणे किती धोक्याचे असते हे या एका आकड्यावरून लक्षात यावे.

ढग किती उंचीवर तयार होईल याचा एक सोपा ठोकताळा आहे. हवेचे तापमान आणि तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो) यांत जितक्या अंशांचा फरक असेल, तितक्या वेळा सुमारे १२५ मीटर हवा वर जावी लागते, मग तिच्यातली वाफ थेंबांत उतरू लागते. जुलैत महाडकडच्या हवेचे तापमान २८ अंश आणि दवबिंदू २५ अंश असेल, तर फरक तीन अंशांचा येतो आणि ढगाचा तळ सुमारे ३७५ मीटरांवर येतो. लिंगाण्याचा माथा ९०० मीटरांवर आहे. म्हणजेच अशा दिवशी या डोंगराचा निम्म्याहून अधिक भाग, खिंडीच्या वरच्या अख्ख्या सुळक्यासह, ढगाच्या आत असतो. पायथ्याच्या गावांतून त्याचे पाय दिसतात आणि वरचे सगळे पांढुरके असते. पावसाळ्यात रायगडावर जाणाऱ्या अनेकांची तक्रार असते की लिंगाणा दिसलाच नाही. तो दिसला नाही, यातच त्या ऋतूतली त्याची खरी स्थिती आहे.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. लिंगाणा स्वतः पाऊस पाडत नाही. तो इतका अरुंद आहे की येणारी हवा त्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून सहज पुढे जाते. पाऊस पाडते ती त्याच्या मागची शेकडो किलोमीटर लांबीची सलग भिंत. हवेला या भिंतीला वळसा घालता येत नाही, तिला वर चढावेच लागते, आणि वर चढताना ती थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी थंड होते, पण ढग झाल्यावर वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि मग हा दर साधारण निम्म्यावर येतो. शिवाय हवा भिंतीला टेकण्याची वाट पाहत नाही; भिंतीच्या अलीकडेच ती तुंबते, साचते आणि उचलली जाऊ लागते. म्हणून पावसाचा जोर घाटाच्या पायथ्यापासूनच वाढलेला असतो, आणि भिंतीच्या अलीकडे उभा असलेला लिंगाणा त्या पावसाच्या ऐन मध्यात सापडतो.

भिंत ओलांडली की चित्र किती झपाट्याने बदलते ते या भागातल्या परिचित गावांवरून कळते. लिंगाण्याच्या दक्षिणेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, तर तिथून पूर्वेला फार दूर नसलेल्या वाईत तो हजार मिलिमीटरांपर्यंतही पोहोचत नाही. पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. रायलिंगाहून मोटारीने पुण्याकडे निघाल्यावर पाऊस मागे पडत जातो, भाताची खाचरे विरळ होतात आणि हवा कोरडी लागू लागते. माथा ओलांडलेली हवा आपले बरेचसे पाणी पश्चिमेलाच टाकून आलेली असते आणि खाली उतरताना पुन्हा तापते, त्यामुळे उरलेले ढगही विरतात.

पाण्याच्या वाटाही इथे फाकतात, आणि मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. लिंगाण्यावर पडलेला पाऊस काळ नदीतून सावित्रीच्या दिशेने जातो आणि बाणकोटच्या खाडीतून, जिथून वाफ होऊन आला त्याच समुद्राला, थोड्या काळात परत मिळतो. रायलिंगाच्या पठारावरून पूर्वेकडे वाहणारे पाणी मात्र भीमा आणि कृष्णा या नद्यांतून अख्खे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचते. खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे, हाकेच्या अंतरावर पडलेल्या दोन सरींचे असे दोन प्रवास होतात. पश्चिमेच्या पाण्याला उतार तीव्र आहे आणि वाट आखूड आहे, म्हणून त्याची कातण्याची ताकद जास्त. सह्याद्रीची भिंत पश्चिमेला उभी आणि पूर्वेला मवाळ का, याचे उत्तर बऱ्याच अंशी यात आहे.

हे पाणी नेहमीच रम्य नसते, आणि धबधब्यांची छायाचित्रे पाहताना ते विसरता कामा नये. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वर येथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्याच दिवशी महाड पुराच्या पाण्यात बुडाले आणि लिंगाण्याच्या दक्षिणेला, याच डोंगररांगेच्या कुशीत असलेल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी जुलै २००५ मध्ये याच तालुक्यात जुई आणि दासगाव येथे दरडींनी अशीच माणसे गाडली होती. कड्याखालच्या उतारावर जी जाड, कुजलेली, तांबडी माती साचते, ती पाणी पीत राहते; एका मर्यादेपलीकडे तिच्यातले पाणी कणांना एकमेकांपासून सुटे करते आणि सगळा उतार वाहू लागतो. कातळातून सुळका कोरणारी आणि गावावर दरड आणणारी प्रक्रिया मुळात एकच आहे. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी रस्त्यासाठी उतार उभा कापला जातो किंवा त्याच्यावरचे रान तोडले जाते तेव्हा मला भीती वाटते. हा डोंगर अजून घडतो आहे, तो पूर्ण झालेला नाही.

घाटमाथ्यावरची माणसे या हवेशी जुळवून घेऊन राहतात. मोहरी, सिंगापूर यांसारख्या गावांत पावसाळ्यापूर्वी घराची पश्चिमेची बाजू गवताच्या, पेंढ्याच्या, आता बहुधा प्लास्टिकच्या आडोशाने झाकली जाते, कारण इथला पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काटक्यांच्या असत. कारवी या उतारांवर दाट वाढते, तिची मुळे माती धरून ठेवतात आणि सात वर्षांनी एकदा ती सामूहिक फुलते. खाली कोकणात भात, वर उतारावर नाचणी आणि वरई, असे पिकांचे टप्पेही पाऊस आणि मातीच्या खोलीनुसार ठरलेले आहेत.

पावसाला मधून मधून खंड पडतो. वाऱ्याचा जोर कमी झाला, ढगाचा तळ वर सरकला, की सुळक्याचा ओला, काळा कातळ काही काळ उघडा पडतो आणि त्याच्या प्रत्येक कपारीत हिरवळ उगवलेली दिसते. जिथे बोटभर माती आहे तिथे तेरडा आणि सोनकी येतात, जिथे मातीही नाही तिथे शेवाळे आणि दगडफूल. भिंतीवर आदळणारी हवा कड्याच्या काठाशी इतक्या जोराने वर येते की लहान ओढ्यांचे पाणी दरीत पडण्याऐवजी उलटे उडून पठारावर परत येते. नाणेघाटात यासाठी गर्दी होते. रायलिंगाच्या काठावरही वाऱ्याची दिशा योग्य असेल तर हे दिसू शकते. पावसाळ्याच्या शेवटी, दरीत धुके आणि पाठीमागे सूर्य असा योग आला तर धुक्यावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसते, ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाहिलेल्या इंद्रवज्राची नोंद प्रसिद्ध आहे. कारण साधे आहे: धुक्याचे बारीक, जवळपास एकसारखे थेंब प्रकाश आल्या दिशेने परत फेकतात. त्यासाठी समोर खोल दरी, तिच्यात समुद्राची ओल आणि मागे मोकळे आकाश लागते, आणि कोकणाकडे तोंड केलेल्या कड्यांवर हे तिन्ही एकत्र मिळतात.

ऑक्टोबरात वारे फिरतात. मोसमी पाऊस परततो, काही दिवस उकाडा वाढतो, दुपारी ढग दाटून गडगडाटी सरी येतात. त्यानंतर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हवा स्वच्छ आणि कोरडी होते. या काळात समुद्राचा संबंध तुटत नाही, फक्त त्याची लय दिवसाची होते. रात्री घाटमाथा लवकर थंड होतो, गार आणि म्हणून जड झालेली हवा बोराट्याच्या नाळेसारख्या घळींतून खाली कोकणात उतरते आणि खोऱ्यात साचून राहते. पहाटे रायलिंगावरून पाहिले तर काळ नदीच्या खोऱ्यात धुक्याचा सपाट थर असतो आणि त्याच्या वर रायगड आणि लिंगाणा. सूर्य वर आल्यावर थर फुटतो. दुपारनंतर किनाऱ्याकडून निघालेले खारे वारे घाटापर्यंत पोहोचतात, त्यांच्याबरोबर ओल आणि धूसरपणा येतो, आणि सकाळी रेखीव दिसणारा रायगड संध्याकाळी फिका पडतो. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खारे आणि मतलई वारे पाठ केले होते. त्यांचा परिणाम किनाऱ्यापासून इतक्या आत, इतक्या स्पष्टपणे पाहायला मिळेल असे तेव्हा वाटले नव्हते.

मार्च ते मे हा काळ सर्वांत कठोर. काळा बेसॉल्ट दिवसभर ऊन शोषतो आणि दुपारी त्याला हात लावणे कठीण होते. पूर्वेकडून पठारावरची तापलेली कोरडी हवा आणि पश्चिमेकडून समुद्राची ओली हवा माथ्यावर भेटतात, ढग उंच वाढतात आणि वळीव कोसळतो. तापलेल्या कातळावर गार पाणी पडले की त्याचे पापुद्रे सुटायला मदत होते. उघड्या माथ्यावर विजेचा धोका या दिवसांत सर्वाधिक असतो, आणि सुळक्याच्या टोकापासून आडोसा शोधायला खाली उतरण्याइतका वेळ मिळतोच असे नाही.

अशा जागी माणसांनी वस्ती कशी केली, याचे उत्तरही पावसातच आहे. लिंगाण्याच्या अर्ध्या उंचीवर कातळात कोरलेली गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. इथे झरा नाही, विहीर नाही. जे पाणी आहे ते चार महिन्यांत साठवायचे आणि आठ महिने पुरवायचे. हिशोब करून पाहावा: हंगामात ३,००० मिलिमीटर पाऊस पडला तर कातळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३,००० लिटर पाणी पडते. टाके घट्ट थरात कोरले, त्याच्याकडे पाणी वळवणारा छोटासा उतार कोरला आणि वर सावली राहिली, तर हे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकते. मराठा काळात लिंगाण्याचा वापर कैदी ठेवण्यासाठी होत असे. तो कसा शक्य झाला ते टाकी पाहिल्यावर समजते: पळायला जागा नाही, पण पाणी आहे. ज्या पाथरवटांनी थर ओळखून योग्य जागी छिन्नी लावली, त्यांच्या दगडाच्या जाणकारीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि याच मोहिमेच्या काळात लिंगाण्याच्या पायऱ्या तोडल्या गेल्या असे सांगितले जाते. आज वरच्या भागात पायऱ्यांचे तुटके अवशेष दिसतात आणि माथा गाठायला दोर लागतो.

आताच्या प्रस्तरारोहकांपुढेही हवा हाच मोठा प्रश्न आहे. कातळात ठोकलेले बोल्ट आणि मेखा दरवर्षी चार महिने ओल्या, समुद्राकडून आलेल्या हवेत राहतात आणि गंजतात. बाहेरून ठीक दिसणारी मेख आत खाल्ली गेलेली असू शकते, म्हणून मागच्या हंगामातील मेखेवर तपासल्याशिवाय भार टाकणे चुकीचे आहे. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत भेगांतले पाणी आटलेले नसते, सुटे झालेले दगड अजून पडायचे असतात आणि कपारींत वाढलेले गवत पावलाखाली निसटते. उन्हे तापू लागली की कड्यावरची आग्या मोहोळे अधिक चिडखोर होतात; सह्याद्रीतल्या सुळक्यांवर मधमाश्यांच्या हल्ल्याने अपघात झाले आहेत, तेव्हा चढाईच्या वाटेवर पोळे दिसले तर धूर, अत्तर, आरडाओरडा यांपैकी काहीही न करता मागे फिरावे. या कड्यांवर इतरही रहिवासी आहेत. महाड परिसरातल्या उभ्या कातळांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे त्यांची संख्या देशभर कोसळली आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडांचा विणीचा काळ साधारण हिवाळ्यापासून सुरू होतो, म्हणजे नेमका आपल्या चढाईचा हंगाम. घरटे असलेल्या बाजूने त्या वर्षी चढाई करू नये, असे मला ठामपणे वाटते.

ज्यांना चढायचे नाही, फक्त पाहायचे आहे, त्यांच्यासाठी रायलिंगाचे पठार पुरेसे आहे. पुण्याहून नसरापूर आणि वेल्हे मार्गे मोहरीपर्यंत गाडीने जाता येते आणि गावातून पठाराचा काठ चालत गाठता येतो. पावसाळ्यात काठापासून बरेच मागे थांबावे आणि बोराट्याच्या नाळेत उतरू नये, कारण त्या दिवसांत ती वाट नसून पाण्याचा आणि दगडांचा मार्ग असतो. सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस ढग अधूनमधून उघडतात, तेव्हा ओला सुळका आणि फुललेले पठार दोन्ही पाहता येतात. कातळाचे थर, तांबड्या पट्ट्या आणि उभ्या भेगा नीट न्याहाळायच्या असतील तर डिसेंबर-जानेवारीतली सकाळ निवडावी. रायलिंगावरून दिसणारी लिंगाण्याची पूर्वेची बाजू तेव्हा थेट उन्हात असते आणि खारे वारे अजून पोहोचलेले नसतात.